साहेबांसाठी अंगाई

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एकाच कारखान्यातल्या दोघी बसल्या होत्या. मावशी शिवणखात्यातली, भाची पॅकिंगमधली.

“मावशी, तुमच्या साहेबांना बढती मिळाली. जोशाची गाणी लावली की कामगार पेटून उठतात, असं भाषण ठोकलं त्यांनी.”

“जोशाची लावायचे तेव्हा मशीनं थांबवून आम्हाला टाळ्या वाजवायला लावायचे. घरी जायला रोज अंधार. शेवटी मीच जेवणानंतर अंगाईगीतं लावायला लागले.”

“साहेब काही बोलले नाहीत?”

“बोलायला जागे कुठे होते? ते घोरायचे, आम्ही शिवायचो. उजेडात घरी.”

“आता त्यांच्या जागी नव्या बाई येताहेत. दुपारी त्यांचा डोळा लागत नाही म्हणे.”

मावशीने सुजलेला गाल धरला.

“अगं, मग आम्ही काम करायचं कधी?”