सायमीचं लोह आणि सायमीचं नाक

...आणि वर दवाखान्यात मलाच विचारतात, "मूल सर्दीत कशाला आणलंत?" अहो, तुम्हाला सांगते, फिनलंडातल्या या कुओपिओत, नोव्हेंबरात, पाळणाघरात जाणारं दोन वर्षांचं मूल सर्दीशिवाय आणायचं म्हणजे ते भाड्यानेच आणावं लागेल!

आमची सायमी. दूध सोडून कशाला तोंड लावणार नाही, पांढरीफटक, बाकीची पोरं बर्फात लोळतात तर ही एका जागी बसून बर्फ खाते, घरात आणावी तर कुंडीतली माती! पाळणाघरातल्या बाई म्हणतात, "गुणी आहे हो, जागची हलत नाही." माझं मूल, आणि जागचं हलत नाही? त्याच दिवशी दवाखान्याला फोन लावला.

नेली. बोटाला टोचलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिमोग्लोबिन ठीक आहे." म्हटलं, सुटलो! तर म्हणे, "छे, ते उशिरा घसरतं. आधी लोहाचा साठा संपतो, तो बघायला शिरेतलं रक्त हवं." मी पाय धरले, नर्सने हात धरला, माझ्या नवऱ्याने, इल्काने, भिंत धरली... आणि साठा भरपूर निघाला! मी हुश्श करतेय तोवर बाई, "पण सर्दीतापात हा आकडा उगाच फुगतो. भरवसा नाही. सर्दी गेली की या."

सर्दी गेली की या! ती सर्दी गेली हो, पण दुसरीला जागा करून गेली. मग कान, मग पोट, मग परत नाक. मी फोन केला, "आज फक्त डावीकडून वाहतंय, चालेल?" "सर्दी गेली की या." "मग औषधच द्या ना सरळ!" "गरज नसताना लोह द्यायचं नसतं. सर्दी गेली की या."

सासूबाई रक्ताची धिरडी घेऊन हजर, इथे लोहासाठी गुरांच्या रक्तात पीठ कालवून करतात ती. "आमच्या वेळी कुठे होत्या तपासण्या? खा गं बाळे!" बाळेने सगळी कुत्र्याला घातली. त्याचं लोह आता उत्तम असणार, कुणी तपासलं नाही इतकंच.

शेवटी फेब्रुवारीत मी रजा टाकली, पोरीला घरात कोंडलं, सासूबाईंनासुद्धा खिडकीबाहेरूनच बोलायला लावलं... आणि एक दिवस नाक कोरडं! उचलली, पळाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन, "साठा जवळजवळ रिकामा आहे."

मी स्वयंपाकघरात खालीच बसले आणि रडले. सगळे गुणी गुणी म्हणत होते हो, आणि माझी पोर नुसती दमलेली होती.

मग लोहाचे थेंब सुरू, आणि दूध कमी, त्याने नुसतं पोट भरतं, लोह मिळत नाही म्हणे. मे महिन्यापर्यंत गालावर रंग आला, आणि पाय... काय सांगू! सोफ्यावरून टेबलावर, टेबलावरून पडद्याला, पहाटेपासून! परवा ती पुस्तकांच्या कपाटावर चढली, तेव्हा इल्काने, जो आठवड्यातून एकदा तोंड उघडतो, वर बघून हळूच विचारलं, "थेंब जरा कमी करता येतील का?"

मी विचारलं हो. नाही म्हणाल्या.