हाताला लागलेल्या मिशा

नाना, माझी सून दहा वर्षं झाली तरी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय माझ्यासमोर येत नाही. मुलगा सुरतेला नोकरीला, त्यामुळे अंगणवाडीचं काम, दोन पोरं आणि घर ती एकटीच ओढते.

परवा सकाळी नातू दूध पिऊन उठला आणि त्याच्या जागी मी चहाला टेकलो. सुनेची नजर तव्यावरच्या भाकरीवर. न बघताच तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आज गिलक्याची भाजी टाकून दिलीस ना, तर मार खाशील!"

हाताला मिशा लागल्या, तेव्हा तिने वळून पाहिलं. चेहरा पांढराफटक. "आबा, चुकले मी," एवढंच बोलून ती आत पळाली. माझा डबासुद्धा तिने नातवाच्या हाती पाठवला.

मळ्यात दिवसभर तिचा तो चेहरा डोळ्यांसमोर होता. गिलकी मला लहानपणापासून आवडत नाहीत. तरी डब्यातली सगळी खाल्ली.

संध्याकाळी घरी आलो, तर ती स्वयंपाकघरातून बाहेर येईना. मी उघडा डबा उंबऱ्यावर ठेवला.

"बघ, भाजी संपवली. आता खेळायला जाऊ का?"

आतून हसू दाबत उत्तर आलं, "आधी हातपाय धुवा, आबा."