तिसरी तगर

नर्सरीवाला : तिसरी? अहो ताई, तगर मरत नाही. लोक लावतात आणि विसरून जातात, तरी वर्षभर फुलत राहते. ना खत, ना छाटणी. म्हणून तर तुम्हाला दिली होती.

मुलगी : दोन्ही गेल्या. आधी पानं पिवळी पडली, मग चार दिवसांत नुसत्या काड्या राहिल्या. ही बघा, उपटूनच आणलीय.

नर्सरीवाला : आणा इकडे. हे बघा, मूळ काळं पडलंय. बोट लावलं की साल सुटून येतेय. कुजलंय हो! पाणी किती घालता?

मुलगी : मी नाही घालत.

नर्सरीवाला : मग?

मुलगी : तिकडे कुंड्यांपाशी पांढऱ्या टोपीतले उभे आहेत ना, ते माझे वडील. ते घालतात. घातलेलं विसरतात. परत घालतात. रविवारी मी घरी होते, तर मोजलं. दुपारपर्यंत चौदा झाऱ्या.

नर्सरीवाला : चौदा! मग त्यापेक्षा कमळ लावा की.

मुलगी : (त्याच्या हातातली कुजलेली तगर परत घेते.)

नर्सरीवाला : चुकलो, ताई. आमचं तोंडच असं. पण झारी लपवून का नाही ठेवत?

मुलगी : ठेवली. तर तांब्यानं घातलं. तांब्या काढून घेतला, तर पिण्याचं पाणी ओंजळीतून नेलं. स्वयंपाकघरापासून फाटकापर्यंत सगळी फरशी ओली. घसरले असते तर?

नर्सरीवाला : बाहेरचा नळ बंद करून टाका, पार मुळापासून.

मुलगी : तेही केलं. संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर हे नळासमोर उभे. झारी नळाखाली धरलेली. किती वेळ उभे होते देव जाणे, पाय सुजून टम्म झाले होते. मला म्हणाले, "आज पाणी उशिरा येणार वाटतं." मीच गेले आणि नळ सुरू केला. काय करणार?

नर्सरीवाला : जरा दरडावून सांगितलं तर?

मुलगी : एकदा ओरडले मी. ते रडायला लागले. पाच मिनिटांत का रडतोय ते विसरले, पण रडू काही थांबेना. तेव्हापासून नाही ओरडत.

नर्सरीवाला : मग ताई, राग मानू नका, झाडच कशाला? फरशी घालून घ्या सगळीकडे.

मुलगी : शाळेच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काम केलं त्यांनी. एक काचेची नळी फोडली नाही कधी. आता हातातला कप कुठं ठेवायचा ते सुचत नाही, तसेच धरून बसतात. पण झाड दिसलं की उठतात. दुसरं कशासाठीच उठत नाहीत.

नर्सरीवाला : हं... असं करा. मातीचा ढीग करून त्यावर लावा. खाली विटांचे तुकडे, वर जाड वाळू. पाणी निघून जाईल. पण खोटं नाही सांगत, एवढ्या पाण्यापुढं ती टिकायची नाही. दोन महिने. फार तर तीन.

मुलगी : तेवढे दिवस फुलेल?

नर्सरीवाला : फुलेल. कळ्या धरल्याच आहेत.

मुलगी : मग द्या. आणि पुढच्या वेळी मी आले की विचारू नका, मागची कुठं गेली म्हणून. नुसती काढून द्या.

नर्सरीवाला : नाही विचारणार. थांबा, जरा भरगच्च बघून देतो.

(वडील कुंड्यांमधून वाट काढत जवळ येतात.)

वडील : तगर का? वा. कोण नेतंय?

मुलगी : आपणच नेतोय, बाबा. घरी लावायला.

वडील : न्या, न्या. पण बाई, तुम्ही नोकरी करत असाल. पाणी घालायला घरी आहे का कोणी?

मुलगी : आहेत. माझे वडील आहेत.

वडील : मग काही काळजी नाही.