खालून दुसरं खोकं

गोजरबाई : खालून दुसरं. निळ्या पट्ट्याचं. ते माझ्या वॉशिंग मशीनचं हाय. काढ, मी थांबते.

केतकी : मावशी, त्याच्यावर एकशे चाळीस खोकी उभी आहेत. ते ओढलं तर सगळा मनोरा बाळापूरच्या बाजारात आडवा होईल.

गोजरबाई : मंग आडवा करा. हळूहळू करा. मला घाई न्हाई.

केतकी : चार वाजता उद्घाटन आहे. नांदेडहून पाहुणे निघालेत.

गोजरबाई : आता दोनच वाजलेत.

केतकी : पण खोकं तुम्हीच दिलं होतं ना?

गोजरबाई : मी कशाला देईन? मी वावरात व्हते. तुमचा तो वैजनाथ डोंगरकड्यात दारोदार फिरला, रिकामी खोकी द्या म्हून. आमच्या सुनेनं, मंजुषानं, उचलून दिलं. तिला वाटलं अडगळ गेली.

केतकी : बरोबरच वाटलं. रिकामं खोकं आता कशाला लागतंय तुम्हाला?

गोजरबाई : मशीन बिघडली. कंपनीचा माणूस म्हणतो, खोकं दाखवा.

केतकी : कंपनीवाले बिल मागतात, मावशी. खोकं नाही. काय बिघडलंय?

गोजरबाई : आवाज येऊन राहिला.

केतकी : मशीनला आवाज असतोच.

गोजरबाई : मंग आवाज येईना झाला असं समज.

केतकी : मावशी.

गोजरबाई : काय माय?

केतकी : खरं सांगा. मी काही कंपनीची नाही.

गोजरबाई : माझी थोरली जाऊ हाय, गंगूताई. साऱ्या गावाला सांगून राहिली, गोजराची मशीन जुनी हाय म्हून. शहरातल्या कुणाची तरी वापरलेली उचलून आणली म्हणती. महिनाभर खोकं ओसरीवर ठेवलं व्हतं, तवर हूं की चूं न्हाई. खोकं गेलं अन् हिचं तोंड सुटलं.

केतकी : महिनाभर रिकामं खोकं ओसरीवर?

गोजरबाई : बराबर दारासमोर. येणाऱ्याजाणाऱ्याला वळसा घालून जावं लागायचं.

केतकी : मावशी, आमचं हे मांडणशिल्प नेमकं ह्याच्यावरच आहे. माणूस वस्तू वापरायला घेतो की दाखवायला? घरात वस्तू वाढत जातात आणि हाती उरतं ते रिकामं खोकं. म्हणून तर आमच्या गटाचं नाव ‘रिकामे’.

गोजरबाई : रिकामटेकडे?

केतकी : नुसतं रिकामे.

गोजरबाई : बरं. अन् हा एवढा मनोरा कशाला उभा केला?

केतकी : लोकांनी थांबून बघावं म्हणून.

गोजरबाई : मंग मी बी त्याच्यासाठीच ठेवलं व्हतं की.

(केतकी पिशवीतून पुठ्ठा आणि जाड पेन काढते.)

गोजरबाई : आता हे काय काढलंस?

केतकी : एक करते. खोकं जागेवरच राहू दे. त्याच्यावर तुमच्या नावाची पाटी लावते.

गोजरबाई : मोठ्या अक्षरात. गंगूताई चवथी शिकलेली हाय, पण चष्मा न्हाई तिला. अन् लवकर लिही. भाजी घेऊन इकडूनच जाईल ती.

केतकी : ‘गोजरबाई सटवाजी अडकिणे, डोंगरकडा.’

गोजरबाई : पुढं लिही, मशीन नवी घेतली. दुकानातून. अन् नवीखाली रेघ मार.

केतकी : असं लिहिलं तर आमच्या कामाचा अर्थच उलटा होतो, मावशी. जाहिरात होते ती.

गोजरबाई : उलटा झाला तरी चालंल. वाचता आला पाहिजे.

केतकी : मारली रेघ.

गोजरबाई : दोन मार.

(गंगूताई भाजीची पिशवी घेऊन येतात. वाकून, खोक्याला नाक लागेल इतक्या जवळून पाटी वाचतात.)

गंगूताई : हे कुणी लिव्हलं?

केतकी : मी. तुम्हीच गंगूताई का?

गंगूताई : व्हय. हिची थोरली जाऊ.

गोजरबाई : वाचलं का बाई? का पोरीला वाचून दाखवायला सांगू?

गंगूताई : वाचलं. मशीन नवी हाय ते मला पहिल्या दिवशीच ठाव व्हतं. टेम्पोतून उतरवली तवा मी खिडकीतच व्हते.

गोजरबाई : अन् तरी बी गावभर जुनी म्हून सांगत फिरल्या? काहून?

गंगूताई : दोन महिने झाले, तू वढ्यावर आली न्हाईस.

गोजरबाई : धुणं घरीच व्हतंय. वढ्यावर येऊन काय करू?

गंगूताई : तेच. काय करशील. माझ्या बाजूचा दगड मोकळाच राहतो. मला राग आला, अन् तोंडाला आलं ते बोलले.

केतकी : मी पाटी काढू का?

गोजरबाई : राहू दे. चार वाजता पाव्हणे येतील तुमचे, त्यांना वाचायला काहीतरी पाहिजे.

गंगूताई : आपल्या सासूबाईची वाकळ भिजत घातली हाय परवापासून. पाणी पिऊन दगड झाली. एकटीला पिळत न्हाई. तुझ्या मशीनीत बसती का गं?

केतकी : बसेल की. आठ किलोची मशीन आहे, इथं खोक्यावरच छापलंय.

गोजरबाई : तू गप बस जरा. न्हाई बसत बाई, लई जाड हाय ती. सकाळी येते मी वढ्यावर.