भरवजनाची चाळीस नाणी

मी खाली सही करणार, वय ५२ वर्षे, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार शिंप्याच्या दुकानावरील दुसरा मजला. आज ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, यजमान व मुलगी असे राहतो. यजमानांचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर, मागच्या गल्लीत राहतो. नळाच्या तोट्या ओतून त्यांना मुलामा देण्याच्या कारखान्यात तो कामाला आहे. माझे लग्न झाले तेव्हा तो सात वर्षांचा होता.

सासूबाईंनी जाताना चांदीची चाळीस जुनी नाणी माझ्या स्वाधीन केली. ती पितळी डब्यात, देवाच्या कपाटात असत. किल्ली माझ्याकडे. यंदा मुलीची नर्सिंगची फी भरायची म्हणून ती विकायचे ठरवले. या नाण्याचे वजन साडेबारा ग्रॅम व त्यात शेकडा नव्वद चांदी, असे जुन्या नाण्यांच्या पुस्तकात दिले आहे. म्हणजे चाळीस नाण्यांत शुद्ध चांदी साडेचारशे ग्रॅम, हा हिशेब मी पूर्वीच करून ठेवला होता. नाणी काट्यावर कधी घातली नव्हती. हिशेब असताना काटा कशाला, असे मला वाटे.

आज सकाळी मी सराफाकडे गेले. त्याने सगळी नाणी एकदम काट्यावर ठेवली. बरोबर पाचशे ग्रॅम भरली. मी म्हटले, "बघा, माझा हिशेब गुंजभरसुद्धा चुकला नाही."

सराफ म्हणाला, "ताई, तेच तर खटकतंय. यांची चित्रं बघा, पार गुळगुळीत. शंभर वर्षं लोकांच्या हातात घासलेली नाणी झिजून थोडी तरी कमी भरणारच. पुस्तकातलं वजन नव्या नाण्याचं असतं."

त्याने एकेक नाणे वेगळे तोलले. प्रत्येक साडेबारा. मग माझ्या परवानगीने एकाची कड कानशीने घासली. मुलाम्याखाली पिवळट धातू निघाला. दुसऱ्यात तोच. तिसऱ्यात तोच. मागचे एक गिऱ्हाईक म्हणाले, "बाई तर देवभोळ्या दिसतात." त्याची बायको म्हणाली, "दिसायला काय लागतं?" सराफाने ठाण्यात फोन केला. मला बसायला स्टूल दिले. पुढचा थोडा वेळ मला नीट आठवत नाही.

डबा कोणाच्या हाती गेला होता, असे विचारल्यावरून सांगते की, दोन वर्षांपूर्वी नाणी काळवंडली होती. दीर म्हणाला, "वहिनी, कारखान्यात उजळून आणतो." मी डबा दिला व थट्टेने म्हटले, "एकेक साडेबारा ग्रॅमचं आहे हो, कमी भरलं तर कान उपटीन." तो म्हणाला, "तुम्ही म्हणजे काटा हातात घेऊनच जन्माला आलात!" आठवड्याने त्याने नाणी परत आणली. मी मोजली, चाळीस होती. "वजन नाही करणार?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "तुझं कसलं रे वजन करायचं?"

साडेबाराचा आकडा मी दिराखेरीज कोणालाही सांगितलेला नाही. डबा इतर कोणाच्याही हाती गेलेला नाही. नाणी विकायचा विषय मी याआधी दोनदा काढला होता. दोन्ही वेळा दिराने, "आईची आठवण आहे, राहू द्या," असे म्हणून मला थांबवले. मला भरून आले होते.

दीर आत्ता मला न्यायला आला असून बाहेर बाकावर आहे. सराफाने माझ्यावर आळ घेतला असे समजून तो हवालदारांशी भांडत असल्याचे इथे ऐकू येत आहे. "माझ्या वहिनीनं जन्मात कुणाची दमडी बुडवली नाही!" असे तो म्हणत आहे.

दिरावर संशय आहे काय, असे मला तीनदा विचारले. मी पाणी मागितले. नंतर, होय, असे उत्तर दिले.

लिहिलेले मला वाचून दाखवले. दार लावून वाचावे अशी मी विनंती केली, ती मान्य झाली. मी सांगितले तेच व तेवढेच यात आहे, म्हणून सही करते.