बास कुठं गेला

वाद्यदुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे दोन बासगिटारवाले उभे होते, एक मुरलेला आणि एक नवखा.

"काका, मला बँडमध्ये घ्यावं म्हणून त्या बँडवाल्यांना पाठवलेलं रेकॉर्डिंग तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं. बास कुठंय त्यात?"

"आहे की! हेडफोनमध्ये नुसता घुमत होता, म्हणून मीच थोडा कमी केला."

"अरे शहाण्या, तो हेडफोनच बास फुगवून ऐकवतो. माझ्या स्पीकरवर तुझ्या मेव्हण्याचे ड्रम तेवढे वाजले. आमचे आवडते बासवाले एका मायक्रोफोनवर भिंती हलवायचे. तू एवढं महागडं सॉफ्टवेअर घेऊन स्वतःलाच पुसून टाकलंस!"

"बँडवाल्यांना आवडलं पण."

"मग घेतलं तुला?"

"उद्या तालमीला बोलावलंय... मेव्हण्याला."