खिशातलं मत

विधान परिषदेचा निकाल लागला त्या दुपारी शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर नवरा-बायकोचं जुंपलं होतं.

"आपला माणूस पडला. खरं सांग, मत कुणाला दिलं?"

"ते सांगायचं नसतं."

"नवऱ्यालाबी?"

"नगरसेविका मी हाय, तुम्ही न्हाई."

"मीटिंगला कोण बसतंय? मीच ना?"

"बसताय की! म्हणून तर सदस्य फुटू नयेत म्हणून गोव्याला न्यायची गाडी आली, तवा तुम्हीच बॅग घिऊन पुढं. मला चल म्हणायचं कुणालाच सुचलं न्हाई."

"तुझं काय काम तिथं?"

"काय न्हाई. मी घरीच व्हते. समोरचा उमेदवार दारात आला. म्हणला, साखरताई, तुमच्या वॉर्डात पाणी येतं का? निवडून आल्यापास्नं पहिल्यांदा कुणीतरी मला इचारलं."

"आन् तू पाघळलीस! तिकडं मी सगळ्यांदेखत छातीठोक सांगितलं, बायकोचं मत माझ्या खिशात हाय म्हणून!"

"मग मतदानाला मला कशाला आत पाठवलं? खिशातलंच काढून टाकायचं व्हतं पेटीत!"